सुटेल तोच साचा

डेव्हिड प्राउझ हे ब्रिटिश वेटलिफ्टर आणि नट साडेसहा फूट उंचीचे होते. 1976 साली लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत त्यांच्या डोक्याची प्लास्टरची प्रत चौरंगावर ठेवली गेली आणि ब्रायन म्यूर या विशीतल्या शिल्पकाराने तिच्यावर माती चढवायला सुरुवात केली. डोळ्यांसमोर राल्फ मॅक्वारी यांची संकल्पचित्रं होती. काळा मुखवटा, गालांच्या टोकदार कडा, तोंडाच्या जागी त्रिकोणी जाळी आणि वरून मानेपर्यंत उतरणारं घुमटासारखं शिरस्त्राण. पुढच्या वर्षी, 25 मे 1977 रोजी ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला आणि प्राउझ यांनी पडद्यावर साकारलेल्या डार्थ वेडर या खलनायकाचा हा चेहरा जगभर पोचला. पडद्यावर दिसली ती अर्थातच माती नव्हती. साच्यातून काढलेली, काळ्या रंगाने रंगवलेली, फायबरग्लासची पातळ पोकळ प्रत होती.

तेव्हापासून अनेक देशांतले हौशी कारागीर हे शिरस्त्राण गॅरेजमध्ये, गच्चीवर, अंगणात बनवत आले आहेत. 1997 साली अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी सुरू केलेल्या ‘501वी लीजन’ या चाहत्यांच्या संघटनेत अशी वेशभूषा करणारे हजारो सदस्य आहेत. ते रुग्णालयांत मुलांना भेटतात, मदतनिधीच्या कार्यक्रमांना जातात. वेशभूषा सिनेमातल्या मूळ वेशभूषेशी किती जुळते, हे तिथे बारकाईने तपासलं जातं. म्हणून पुठ्ठ्याचं किंवा फोमचं काम उत्तम असलं तरी वेडरच्या बाबतीत अनेकजण शेवटी फायबरपाशीच येऊन थांबतात. त्या चेहऱ्यावरची चकाकी, धारदार कडा आणि हलकं पण कडक कवच फायबरमध्ये जसं उतरतं, तसं दुसऱ्या स्वस्त साहित्यात उतरत नाही.

पहिल्यांदा हे काम करणाऱ्याचं सगळं लक्ष आकारावर असतं. गाल बरोबर जमला का, नाकाचा कोन चुकला का, याच चिंतेत दिवस जातात. अनुभवी माणूस मात्र माती हातात घेण्याआधीच वेगळा प्रश्न विचारतो: ही वस्तू साच्यातून बाहेर कशी येणार? साचेकामाचं सगळं शहाणपण या प्रश्नात आहे. फायबर घट्ट झालं की ते वाकत नाही, दबत नाही. साचाही कडक असेल, तर दोन कडक वस्तू एकमेकींत अडकतात आणि मग हातोडी हाच उपाय उरतो.

वेडरच्या शिरस्त्राणाचे दोन भाग या दृष्टीने अगदी वेगळे आहेत. वरचा घुमट खालच्या कडेकडे रुंदावत जातो. उलटा धरला तर तो वर उघडा असलेल्या पसरट भांड्यासारखा दिसतो. अशा आकाराची प्रत एकसंध साच्यातूनही सरळ वर उचलली जाते. मुखवट्याचं तसं नाही. गालाखालची बाजू आत वळते, गळ्याचा भाग मागे जातो, तोंडाच्या जाळीभोवती खोल खाचा आहेत. जिथे आकार आत वळतो आणि साच्याला पकडून ठेवतो, त्या जागेला कारागीर ‘अंडरकट’ म्हणतात. अंडरकट असला की साचा दोन किंवा अधिक तुकड्यांत करावा लागतो किंवा तो वाकणाऱ्या रबराचा घ्यावा लागतो. तिसरा मार्ग नाही.

साच्याचे तुकडे कुठे पाडायचे, हे मूळ घडणीवर पेन्सिलने रेघ मारून ठरवतात. ही रेघ आकाराच्या सर्वांत फुगीर कडेवरून जायला हवी, म्हणजे प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेने मोकळा होतो. रेघ अर्धा सेंटिमीटर जरी चुकीच्या बाजूला गेली, तरी तेवढी पट्टी साच्याला धरून बसते. शिवाय जोडाच्या जागी प्रतीवर बारीक शिवण उमटणारच. म्हणून ती गालाच्या मधोमध न येता एखाद्या कडेत किंवा कानामागे लपेल अशी आखतात. मुखवट्याच्या बाबतीत पुढचा दर्शनी भाग एका तुकड्यात आणि मागचा गळा दुसऱ्यात, अशी विभागणी सोयीची पडते.

आता मूळ घडण. ती कशाची करायची, हे साच्यावर ठरतं. शाडूची किंवा कुंभारी माती स्वस्त आणि हाताला गोड, पण वाळली की आकसते आणि तडकते. ती सतत ओल्या फडक्याखाली ठेवावी लागते. तेलात मळलेली मॉडेलिंगची माती वाळत नाही, महिनाभर थांबून पुन्हा काम करता येतं. मात्र तिच्या काही प्रकारांत गंधक असतं आणि प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन रबर गंधकाच्या संपर्कात आलं की पृष्ठभागावर चिकटच राहतं, कधीच नीट बसत नाही. कथिलावर घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला हा त्रास होत नाही. महागडं रबर ओतण्याआधी मातीच्या एका छोट्या गोळ्यावर चाचणी घेणं म्हणूनच शहाणपणाचं.

म्यूर यांच्या कामात एक जास्तीची पायरी होती. मातीवरून प्लास्टरची प्रत काढून त्यांनी ती पुन्हा घासली, कडा धारदार केल्या आणि मग फायबरसाठी साचा घेतला गेला. मातीत सफाई एका मर्यादेपर्यंतच येते. प्लास्टर दगडासारखं तासता आणि घासता येतं. घरी काम करणाऱ्यानेही ही पायरी गाळू नये. मूळ घडणीवर राहिलेला बोटाचा ठसा साच्यात जातो आणि साच्यातून प्रत्येक प्रतीवर उमटतो. मूळ वस्तू एकदाच घासावी लागते, नाहीतर प्रत्येक प्रत घासत बसावी लागते.

साचा घेण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली सिलिकॉन रबराची. मूळ घडणीवर रबराचे पातळ थर ब्रशने चढवतात. पहिला थर अगदी पातळ आणि काळजीपूर्वक लावायचा, कारण बारकावे तोच टिपतो. पुढचे थर घट्टसर करून जाडी वाढवतात. रबर स्वतः लवचीक असल्याने त्याला आकार धरून ठेवायला बाहेरून कडक कवच लागतं. ते प्लास्टरचं किंवा फायबरचं असतं आणि दोन तुकड्यांत उघडतं. रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या गणपती कारखान्यांत वापरले जाणारे रबरी साचे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही रचना लगेच ओळखू येईल. आत रबर, बाहेर कवच. तिथेही प्लास्टर नुसतं ओतत नाहीत, मूर्तीच्या भिंतीत नारळाचा काथ्या घालतात. प्लास्टर दाब सहन करतं पण वाकवलं की तुटतं, आणि काथ्याचे धागे तो ताण आपल्यावर घेतात. फायबरग्लासमध्ये नेमकं हेच घडतं. प्लास्टरच्या जागी रेझिन आणि काथ्याच्या जागी काचेचे तंतू, एवढाच फरक.

दुसरी पद्धत कडक साच्याची, म्हणजे साचाच फायबरचा. तो स्वस्त पडतो, आकार अचूक धरतो आणि जपला तर रबरापेक्षा कितीतरी अधिक प्रती देतो. पण अंडरकटला तो अजिबात क्षमा करत नाही. त्यासाठी आखलेल्या रेघेवर मातीची किंवा पुठ्ठ्याची उभी भिंत बांधतात आणि एका बाजूचा साचा तयार करतात. भिंतीवर मधेमधे अर्धगोल खळगे पाडतात, म्हणजे दुसऱ्या तुकड्यावर त्यांचे उंचवटे येतात आणि दोन्ही तुकडे दर वेळी एकाच जागी बसतात. मग भिंत काढून दुसरी बाजू. दोन्ही तुकड्यांच्या बाहेर आलेल्या पट्ट्यांना भोकं पाडून नट-बोल्ट लावतात. साच्याची जाडी प्रतीच्या साधारण दुप्पट ठेवावी, नाहीतर तो कालांतराने पिळवटतो.

कडक साच्यावर मेण हवंच. नव्या साच्यावर मेणाचे चार-पाच हात देतात आणि प्रत्येक हात सुकल्यावर मऊ फडक्याने चमकवतात. त्यावर पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या द्रवाचा पातळ पडदा चढवतात. या टप्प्यावरचा कंटाळा सर्वांत महाग पडतो. मेण एखाद्या कोपऱ्यात राहून गेलं तर प्रत आणि साचा तिथे एकजीव होतात आणि दोन्ही जातात.

काचेचे तंतू हे साहित्य तसं अपघाताने हाती आलं. 1932 साली अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट हे तरुण संशोधक काचेचे ठोकळे जोडण्याचा प्रयत्न करत होते. वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत पडला आणि तिचे बारीक धागे उडाले. पुढे 1938 मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही वेगळी कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात पॉलिस्टर रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंचे विमानाचे भाग बनले आणि 1953 मध्ये शेवरोले कॉर्व्हेट ही मोटार फायबरग्लासचं अंग घेऊन रस्त्यावर आली. स्टुडिओंनाही हे साहित्य सोयीचं होतं, कारण त्याला ना भट्टी लागते ना मोठं यंत्र.

घरगुती कामासाठी तंतूंची मॅट वापरतात. तुकडे केलेले काचतंतू सर्व दिशांना पसरवून, चिकटवून केलेली ही पांढरी चादर चौरस मीटरला 300 किंवा 450 ग्रॅम वजनाची मिळते. रेझिन साधारण मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट लागतं. वेडरच्या घुमटाचं क्षेत्रफळ एक तृतीयांश चौरस मीटर धरलं, तर 450 ग्रॅमच्या मॅटचे दोन थर म्हणजे 300 ग्रॅम काच आणि सहाशे ते साडेसातशे ग्रॅम रेझिन. जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास येते आणि शिरस्त्राणाला ती पुरेशी असते. नवशिक्यांना जास्त थर म्हणजे जास्त मजबुती असं वाटतं, पण तेच वजन पुढे तासन्‌तास मानेवर येतं.

इथे थोडं थांबून सुरक्षिततेबद्दल बोलायलाच हवं, कारण या कामातला धोका खरा आहे. पॉलिस्टर रेझिन स्टायरिन या द्रवात विरघळवलेलं असतं. त्याचा उग्र वास हवेत फार थोडं प्रमाण असलं तरी येतो आणि 2018 पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरिनची गणना बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केली आहे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क या वाफेला अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांसाठीचा कोळशाचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. फ्लॅटच्या बंद खोलीत हे काम करूच नये. गच्ची, अंगण किंवा मोकळं शेड हवं, आणि तिथे विडी-सिगारेट, शेगडी, ठिणगी काहीही नको, कारण स्टायरिनची वाफ सहज पेट घेते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. रेझिन घट्ट करायला दोन गोष्टी लागतात: जांभळट रंगाचं कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा एमईकेपी, ज्याला दुकानात कॅटॅलिस्ट किंवा हार्डनर म्हणतात. कित्येक ठिकाणी या दोन वेगळ्या बाटल्या मिळतात. त्या एकमेकींत थेट कधीही मिसळायच्या नाहीत. थेट मिसळल्या तर पेट घेतात, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि काम सुरू करताना लागेल तेवढ्याच मिश्रणात कॅटॅलिस्ट घालायचं. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. चष्मा नसेल तर बाटलीचं झाकण उघडू नये. थेंब उडालाच तर ताबडतोब वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट डॉक्टरांकडे जायचं.

कॅटॅलिस्टचं प्रमाण वजनाच्या एक ते दोन टक्के असतं. नागपूरच्या मे महिन्यात एक टक्काही पुरतो, महाबळेश्वरच्या हिवाळ्यात दोनपर्यंत जावं लागतं. प्रमाण वाढवलं की मिश्रण मगातच तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं. कमी पडलं तर प्रत दिवसेंदिवस चिकट राहते. पावसाळी दमट हवेतही रेझिन नीट बसत नाही. अंदाजाने झाकणभर ओतण्यापेक्षा छोटा वजनकाटा विकत घ्यावा आणि तो स्वयंपाकघराबाहेरच ठेवावा.

साच्यात पहिला जातो जेलकोट, म्हणजे काच नसलेला, दाटसर रेझिनचा थर. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. प्रतीचा दर्शनी पृष्ठभाग हाच. बोट लावल्यावर तो चिकट लागावा, पण बोटाला रंग येऊ नये. अशा अवस्थेत पुढचा थर चढवतात, म्हणजे दोन्ही घट्ट धरतात. त्याआधी वेडरच्या गालासारख्या टोकदार कोपऱ्यांत रेझिन आणि फ्रेंच चॉक (टाल्कची पूड) यांची पेस्ट भरून कोन गोलसर करतात. मॅट काटकोनात वळत नाही. ती कोपऱ्यावर ताणली जाते, मागे हवेची पोकळी राहते आणि महिन्याभराने तिथला जेलकोट अंड्याच्या कवचासारखा फुटतो.

मॅट कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडावी. फाटलेल्या कडेला तंतू विरळ होत जातात आणि शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात, कापलेली कड मात्र उंचवट्यासारखी उमटते. रेझिन लावताना ब्रश ओढायचा नाही, त्याने तंतू गोळा होतात. ब्रशचं टोक टपटप आपटत रेझिन आत मुरवायचं. इथे एक सुंदर गोष्ट दिसते. कोरडी मॅट पांढरीशुभ्र असते आणि भिजली की जवळजवळ पारदर्शक होते. काच आणि पॉलिस्टर रेझिन प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, म्हणून रेझिनमध्ये बुडालेले तंतू दिसेनासे होतात. जिथे पांढरा डाग उरला तिथे हवा आहे किंवा काच कोरडी आहे. कारागिराला वेगळ्या उपकरणाची गरज पडत नाही, साहित्य स्वतःच चूक दाखवतं.

रेझिन अर्धवट बसल्यावर, चामड्यासारखं झालं असताना, कडेबाहेर आलेली मॅट धारदार कटरने सहज कापता येते. पूर्ण कडक झाल्यावर त्याच कामाला ग्राइंडर लागतो आणि काचेची धूळ उडते. ही धूळ म्हणजे सुईसारखे बारीक तुकडे, ते कातडीत रुततात आणि खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि धुळीचा मास्क हवा, घासकाम शक्यतो पाणी लावून करावं, आणि नंतर अंग गार पाण्याने धुवावं.

साचा दुसऱ्या दिवशी उघडावा. बोल्ट काढायचे, कडेच्या फटीत लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरा हलकेच सरकवायच्या, पीव्हीए वापरलं असेल तर फटीत पाणी सोडायचं. लोखंडी पट्टी घातली तर साच्यावर ओरखडा पडतो आणि तो पुढच्या प्रत्येक प्रतीवर येतो. सुटताना ‘टक्’ असा आवाज होतो आणि मेण जागेवर होतं का नव्हतं, ते त्या क्षणी कळतं.

नंतरचं काम गॅरेजवाल्यांना रोजच्या परिचयाचं: शिवण घासणं, खड्ड्यांत लांबी भरणं, पॉलिश पेपरने गुळगुळीत करणं, प्रायमर, पुन्हा घासणं, रंग. पहिल्या चित्रपटातला वेडर नुसता काळा नव्हता. चेहऱ्याच्या काही भागांवर काळा आणि काहींवर बंदुकीच्या पोलादासारखा राखाडी होता. शिवाय म्यूर यांनी हाताने घडवलेल्या त्या मुखवट्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. 2005 च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’साठी शिरस्त्राण संगणकाच्या मदतीने समतोल केलं गेलं, तरी जाणकार चाहते 1977 च्या त्या किंचित वाकड्या चेहऱ्यालाच मानतात, आणि ते रास्त आहे. त्या वाकडेपणात घडवणाऱ्याचा हात दिसतो.

म्हणूनच दुसऱ्याच्या प्रतीवरून परस्पर साचा घेणं या मंडळींत वाईट समजलं जातं. नैतिक कारण उघड आहे: महिनोन्महिने घडवलेलं काम कुणीतरी दोन दिवसांत उचलतो. तांत्रिक कारणही तितकंच ठोस आहे. पॉलिस्टर घट्ट होताना आकसतं. काचतंतूंमुळे आकसणं कमी होतं, पण थांबत नाही. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, असं होत गेलं की चेहरा थोडाथोडा लहान होतो, कडा बोथट होतात, घासण्यात बारकावे जातात. जुन्या संग्राहकांना नुसती मापं घेऊन एखादी प्रत मूळ साच्यापासून किती दूर गेली आहे, याचा अंदाज येतो.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न आणखी गुंतागुंतीचा निघाला. याच चित्रपटासाठी स्टॉर्मट्रूपर सैनिकांची शिरस्त्राणं अँड्र्यू एन्सवर्थ यांनी तापवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यांपासून बनवली होती. पुढे त्यांनी तशीच शिरस्त्राणं विकायला काढली आणि लुकासफिल्मने दावा लावला. 27 जुलै 2011 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शिरस्त्राण हे कायद्याच्या अर्थाने शिल्प नाही. कलाकृती आहे तो चित्रपट, आणि शिरस्त्राण त्याच्या निर्मितीतली उपयोगाची वस्तू. त्यामुळे ब्रिटनमध्ये शिल्पाला मिळणारं दीर्घ संरक्षण त्याला मिळालं नाही. अमेरिकी स्वामित्वहक्काच्या भंगाबद्दलचा दावा मात्र ब्रिटिश न्यायालयात चालू शकतो, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. ज्याने एकदा तरी मातीत असा चेहरा घडवला आहे, त्याला ‘शिल्प नाही’ हे शब्द पटणं अवघड आहे. वस्तू उपयोगाची असली म्हणून तिच्यातली घडण कमी होत नाही.

आता मूळ घडण अनेकजण थ्रीडी प्रिंटरवर काढतात. त्याने आकार अचूक येतो, पण छपाईच्या रेषा घासून काढाव्याच लागतात आणि पाच मित्रांना पाच शिरस्त्राणं हवी असतील तर एकेक छापत बसण्यापेक्षा साचा अजूनही सरस ठरतो. तो नीट ठेवला तर बरीच वर्षं काम देतो. रबरी साचा मोकळा ठेवला की स्वतःच्या वजनाने बसतो, म्हणून तो कवचातच, शक्यतो एक प्रत आत ठेवून, सपाट जागी ठेवतात. कथिलावर घट्ट झालेलं सिलिकॉन काही वर्षांनी ठिसूळ होतं आणि रेझिनमधलं स्टायरिन दर प्रतीगणिक रबर थोडं खात जातं, तेव्हा ज्या प्रती हव्या आहेत त्या साचा ताजा असतानाच काढून घ्याव्यात. कडक साच्याचे तुकडे बोल्ट लावून, आतून मेणाचा हात देऊन, उन्हापासून दूर ठेवायचे. आणि पहिल्या प्रतींतली एक चांगली प्रत न रंगवता बाजूला ठेवून द्यायची, म्हणजे साचा कधी तडकला तर नव्या साच्यासाठी तिचाच आधार घेता येतो.